फोक्सवॅगन आणि तिच्याभोवतीचे जग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यवस्थापनाचे विद्यार्थी, चाकण-तळेगाव पट्ट्यात सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक आणि गाडी बुक करण्याआधी "ही कंपनी भारतात राहील ना?" असे विचारणारे ग्राहक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. तो विषयच तसा आहे.

बाह्य व्यावसायिक वातावरण म्हणजे नेमके काय?

कंपनीच्या हातात नसलेल्या, पण तिच्या ताळेबंदावर थेट उमटणाऱ्या सगळ्या गोष्टी. कायदे, करांचे दर, विजेचे भाव, चलनाची चढउतार, ग्राहकांची आवड, प्रतिस्पर्धी, युद्ध. अभ्यासक्रमात याचे सहा कप्पे शिकवतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण चिनी सरकारने विजेच्या गाड्यांना वर्षानुवर्षे दिलेले पाठबळ राजकीय कप्प्यात टाकले, त्यातून स्वस्त झालेली बॅटरी तांत्रिक कप्प्यात टाकली आणि जर्मनीत कमी होणारी नोकरी सामाजिक कप्प्यात टाकली, तर एकाच गोष्टीचे तीन तुकडे होतात आणि हाती काहीच लागत नाही.

गाडी कंपनीच्या बाबतीत कप्प्यांपेक्षा वेळेकडे बघावे, असे माझे ठाम मत आहे. नवे मॉडेल कागदावरून रस्त्यावर यायला युरोपात साधारण चार वर्षे लागतात. कारखान्यात घातलेला पैसा वसूल व्हायला त्याहून बराच जास्त काळ जातो. आयात शुल्क मात्र एका सहीसरशी बदलते. खालच्या बहुतेक अडचणींचे मूळ या तफावतीत आहे.

उदाहरणासाठी फोक्सवॅगनच का?

कारण या समूहाला एकही वारा चुकत नाही. फोक्सवॅगन, आउडी, पोर्शे, श्कोडा, सेआत, बेंटली, लॅम्बोर्गिनी असे ब्रँड एका छत्राखाली आहेत. 2024 मध्ये समूहाने सुमारे 90 लाख वाहने विकली. मुख्यालय जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमध्ये, मोठी बाजारपेठ चीनमध्ये, महत्त्वाचे कारखाने मेक्सिको आणि अमेरिकेत. आणि आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे चाकण आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे शेंद्रा. कंपनीचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा शोरूमच्या जाहिरातीत, पण पुणे जिल्ह्यातली हजारो घरे तिच्यावर आणि तिच्या पुरवठादारांवर चालतात.

सरकार तर कंपनीच्या बाहेर असते. मग फोक्सवॅगनच्या बैठकीत सरकार बसते असे का म्हणतात?

कारण ते खरोखर बसते. वोल्फ्सबुर्ग ज्या राज्यात आहे त्या लोअर सॅक्सनीकडे कंपनीतील 20 टक्के मताधिकार आहे आणि राज्याचे मुख्यमंत्री व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावर असतात. 1960 मध्ये कंपनीचे खासगीकरण झाले तेव्हा त्यासाठी खास कायदा करण्यात आला. जर्मनीत मोठे ठराव अडवायला साधारणपणे 25 टक्क्यांहून जास्त मते लागतात, इथे 20 टक्क्यांत काम होते. युरोपीय न्यायालयाने 2007 मध्ये या कायद्यावर ताशेरे ओढले. जर्मनीने त्यात दुरुस्ती केली, 20 टक्क्यांची तरतूद मात्र ठेवली, आणि 2013 मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती पुरेशी मानली.

शिवाय पर्यवेक्षक मंडळाच्या 20 जागांपैकी निम्म्या कामगार प्रतिनिधींच्या आहेत. नवा कारखाना उभारायचा किंवा असलेला हलवायचा तर या मंडळात दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे कामगार विरोधात गेले की असा ठराव पुढे सरकतच नाही. बहुसंख्य मताधिकार पोर्शे आणि पिएख कुटुंबांकडे आहे, पण तेही एकटे काही करू शकत नाहीत.

बाहेरून बघणाऱ्या गुंतवणूकदारांना हे जोखड वाटते. मला तसे वाटत नाही. या रचनेमुळे निर्णय मंद होतात, पण ज्यांचे पोट त्या निर्णयावर आहे त्यांना विचारल्याशिवाय ते होत नाहीत. आपल्याकडे शेड्यूल (कारखान्याने मागवलेला माल) अर्धे झाले की कंत्राटी पोरांना "उद्यापासून येऊ नका" असे गेटवर सांगितले जाते, ते पाहिल्यावर हा फरक जाणवतो.

मग 2024 मध्ये जर्मनीतले कारखाने बंद करण्याची वेळ का आली?

सप्टेंबर 2024 मध्ये व्यवस्थापनाने कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा जर्मनीतले कारखाने बंद करण्याची शक्यता बोलून दाखवली आणि 1994 पासून चालत आलेली नोकरीची हमी रद्द केली. वित्तप्रमुख आर्नो अँटलिट्झ यांनी कामगारांसमोर दिलेला हिशेब सोपा होता: कोरोनाआधीच्या तुलनेत युरोपात वर्षाला सुमारे 20 लाख गाड्या कमी खपतात, त्यातल्या आपल्या वाट्याच्या सुमारे 5 लाख, आणि हे दोन कारखान्यांचे काम आहे.

यामागे एकच कारण नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि स्वस्त रशियन वायूवर उभे असलेले जर्मन उद्योगाचे गणित कोलमडले. व्याजदर वाढले, गाडीचा हप्ता वाढला. डिसेंबर 2023 मध्ये जर्मन सरकारने विजेच्या गाड्यांवरचे अनुदान अवघ्या एका दिवसाच्या सूचनेवर थांबवले, आणि पुढच्या वर्षी तिथल्या ई-गाड्यांची विक्री घसरली. ज्या त्स्विकाऊ कारखान्यातून पेट्रोल गाडी पूर्णपणे काढून फक्त विजेच्या गाड्या बनवायला घेतल्या होत्या, त्याला हा फटका सगळ्यात जोरात बसला. सरकारच्या शब्दावर विसंबून लाइन बदलली, आणि सरकारने शब्द फिरवला.

डिसेंबरमध्ये सुमारे एक लाख कामगारांनी इशारा संप केला. 20 डिसेंबर 2024 रोजी तडजोड झाली: 2030 पर्यंत जर्मनीत 35 हजारांहून अधिक पदे कमी करायची, पण सक्तीची कपात न करता. तातडीने कारखाना बंद नाही, मात्र ड्रेस्डेनमधली गाडीबांधणी 2025 अखेर थांबवायची. जर्मनीबाहेर तेवढे संरक्षण नव्हते. ब्रुसेल्समधला आउडीचा कारखाना फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाला.

चीनमध्ये नेमके काय बिघडले?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा.

1984 मध्ये फोक्सवॅगनने शांघायमध्ये भागीदारीचा करार केला, तेव्हा बाकीच्या बड्या कंपन्या चीनकडे संशयाने बघत होत्या. सान्ताना ही गाडी तिथल्या टॅक्सीवाल्यांपासून सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांची झाली. 1991 मध्ये एफएडब्ल्यू या चिनी कंपनीबरोबर दुसरी भागीदारी आली. पुढची जवळजवळ तीन दशके चीनमधला नफा जर्मनीतले महागडे पगार आणि नवी गुंतवणूक पेलत राहिला. 2019 मध्ये समूहाने चीनमध्ये सुमारे 42 लाख वाहने विकली. 2024 मध्ये हा आकडा सुमारे 29 लाखांवर आला.

मधल्या काळात तिथल्या ग्राहकाला गाडीकडून हवे ते बदलले. जुलै 2024 मध्ये चीनमधल्या नव्या प्रवासी गाड्यांच्या किरकोळ विक्रीत विजेच्या आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा वाटा पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेला. शेन्झेनची बीवायडी 1995 मध्ये बॅटरी बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली होती. गाडीतला सगळ्यात महाग भाग ती स्वतः बनवते, त्यामुळे किमतीत तिच्याशी झुंजणे कठीण. 2023 मध्ये तिने चीनमधला सर्वाधिक विकला जाणारा ब्रँड हे फोक्सवॅगनचे स्थान घेतले. तिथला तरुण ग्राहक गिअर किती मऊ पडतो हे विचारत नाही. पडदा किती वेगाने चालतो, आवाजावर काय काय होते, हे विचारतो. जर्मन अभियंत्यांनी शंभर वर्षे जे कसब कमावले, ते त्या दुकानात विक्रीचा मुद्दाच राहिले नाही.

फोक्सवॅगनचे उत्तर बघा. जुलै 2023 मध्ये तिने शाओपंग या चिनी कंपनीत 70 कोटी डॉलर घालून सुमारे 5 टक्के हिस्सा घेण्याचा करार केला, आणि तिच्याबरोबर चीनसाठी गाड्या विकसित करायला घेतल्या. चार दशकांपूर्वी चिनी भागीदार तंत्र शिकायला जर्मनांकडे येत होते. उलट्या दिशेची ही वाट मान्य करणे वोल्फ्सबुर्गला सोपे गेले नसणार, आणि तरी त्यांनी ते केले याचे मला कौतुक वाटते.

चिनी गाड्यांवर युरोपने जादा कर लावला, तर जर्मन कंपन्यांनी आनंद मानायला हवा होता. विरोध का केला?

ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस युरोपीय संघाने चीनमध्ये बनलेल्या विजेच्या गाड्यांवर नेहमीच्या 10 टक्क्यांवर आणखी शुल्क बसवले: बीवायडीवर 17 टक्के, शांघायच्या सॅइक कंपनीवर 35.3 टक्के. फोक्सवॅगनची कूप्रा टावास्कान ही गाडी चीनच्या आन्हुई प्रांतात बनते, तिच्यावर 20.7 टक्के लागले. म्हणजे स्वतःच्या घराने लावलेला कर स्वतःच भरायचा. शिवाय सॅइक हा फोक्सवॅगनचा 1984 पासूनचा भागीदार. चीनने सूड म्हणून मोठ्या इंजिनाच्या जर्मन गाड्यांवर कर लावला असता, तर पोर्शे आणि आउडी आधी भरडल्या गेल्या असत्या.

अमेरिकेच्या आयात शुल्काने कुणाला सर्वाधिक दुखावले?

3 एप्रिल 2025 पासून अमेरिकेने आयात गाड्यांवर 25 टक्के जादा शुल्क लावले. आधीचे 2.5 टक्के धरून युरोपीय गाड्यांसाठी ते 27.5 टक्के झाले. जुलैअखेर युरोपीय संघाशी समझोता झाला आणि दर 15 टक्क्यांवर आला. आधीच्या तुलनेत तो तरीही सहापट होता.

समूहातले सगळे ब्रँड यात सारखे सापडले नाहीत. फोक्सवॅगन ब्रँडचा टेनेसीतल्या चॅटनूगा इथे 2011 पासून कारखाना आहे. आउडीचा अमेरिकेत एकही नाही, तिची तिथे सर्वाधिक चालणारी क्यू5 मेक्सिकोतून येते. पोर्शे तर प्रत्येक गाडी युरोपातून पाठवते. मेक्सिकोत कारखाना काढताना मुक्त व्यापार करार होता, आणि तो कायम राहील असे धरूनच ती सगळी आखणी झाली होती.

अशी शुल्के "तात्पुरती" असतात असे मानणाऱ्यांनी 1964 आठवावे. युरोपने अमेरिकी कोंबडीवर कर लावला म्हणून अमेरिकेने हलक्या ट्रकवर 25 टक्के शुल्क बसवले, आणि फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅनची तिथली बाजारपेठ आटली. कोंबडीचे भांडण कधीच विरले. ते शुल्क साठ वर्षांनंतरही चालू आहे.

उत्सर्जनाचे नियम इतके महत्त्वाचे का?

कारण युरोपात दंड ग्रॅमवर मोजला जातो. एका वर्षात विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाची सरासरी काढतात. ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जितके ग्रॅम जास्त, तितक्या ग्रॅममागे प्रत्येक गाडीला 95 युरो. समजा, कंपनीने 30 लाख गाड्या विकल्या आणि सरासरी फक्त एक ग्रॅमने चुकली, तर दंड 28.5 कोटी युरो. म्हणून विजेच्या गाडीवर नफा मिळो न मिळो, ती विकावीच लागते. तिच्यामुळे सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी खाली येते. 2025 साठी मर्यादा 2021 च्या पातळीपेक्षा 15 टक्क्यांनी कडक झाली होती. कंपन्यांनी आरडाओरड केल्यावर 2025 ते 2027 अशी तीन वर्षांची सरासरी धरायची सवलत मिळाली.

नियमांशी लपाछपी खेळल्यावर काय होते, हे याच कंपनीने दाखवले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी डिझेल गाड्या प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला आणि आकडे जुळेनात. 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोटीस काढली: चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली गाडीतच घातलेली आहे. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. पाच दिवसांत मुख्याधिकारी मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. दंड, भरपाई आणि दुरुस्ती मिळून खर्च 30 अब्ज युरोंच्या वर गेला. भारतातही डिसेंबर 2015 मध्ये सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर झाले.

विद्यार्थी विचारतात, हा तर अंतर्गत दोष, बाह्य वातावरणात कशाला धरायचा? दोष अंतर्गतच होता, त्याला बाहेरची कोणतीही सबब नाही. पण त्याने बाहेरचे वातावरण कायमचे बदलले. युरोपात डिझेलवरचा विश्वास उडाला, चाचण्या कडक झाल्या, आणि विजेच्या गाडीकडे वळण्याची घाई बऱ्याच अंशी तिथून सुरू झाली. एका कंपनीच्या लबाडीची किंमत सगळ्या उद्योगाने चुकवली, आणि ती हवा फुफ्फुसात घेणाऱ्यांनी तर आधीच चुकवली होती.

एका छोट्या चिपमुळे लाइन थांबते म्हणतात, ते खरे आहे का?

अगदी खरे. ऑक्टोबर 2025 चे नेक्सपेरिया प्रकरण घ्या. ही नेदरलँड्समधली कंपनी, मालक चिनी. ती डायोड आणि ट्रान्झिस्टरसारखे साधे, स्वस्त घटक बनवते. डच सरकारने तिच्या कारभारावर नियंत्रण आणले, चीनने तिच्या चीनमधल्या कारखान्यातून होणारी निर्यात रोखली, आणि फोक्सवॅगनसह सगळ्या युरोपीय कंपन्यांची झोप उडाली. 2022 मध्ये युक्रेनमध्ये बनणाऱ्या वायरिंग हार्नेसनेही असेच केले होते. हार्नेस म्हणजे गाडीभर फिरणारा तारांचा जुडगा. तो हाताने बांधावा लागतो आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे दुसरीकडून लगेच मागवता येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये कंपनी मागे का पडली?

2020 मध्ये स्वतःची कारियाड ही कंपनी काढली, पण तिच्या उशिरामुळे पोर्शे आणि आउडीची मॉडेल्स रखडली. शेवटी 2024 मध्ये रिव्हियन या ई-गाड्या बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीबरोबर अब्जावधी डॉलरची भागीदारी करावी लागली.

भारतात फोक्सवॅगन इतकी छोटी का राहिली?

चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी फोक्सवॅगनने सुझुकीत 19.9 टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले, पण दोघांचे जमले नाही आणि 2015 मध्ये लवादाच्या निकालानंतर ती सोयरीक मोडली. 2017 मध्ये टाटांशी झालेली बोलणीही काही महिन्यांत थांबली. मजबूत स्थानिक जोडीदार न मिळणे हे माझ्या मते पहिले कारण. दुसरे म्हणजे युरोपसाठी आखलेली गाडी इथे आणली की ती महाग पडते. 2018 मध्ये जाहीर झालेल्या एक अब्ज युरोंच्या योजनेतून खास भारतासाठी पाया तयार झाला आणि कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस या गाड्या आल्या.

बाहेरचे वातावरण गाडीचा आकार कसा ठरवते, हे बघायचे असेल तर शोरूममध्ये श्कोडा कायलॅकशेजारी उभे राहा. लांबी 3,995 मिलिमीटर. पाच मिलिमीटर कमी चार मीटर. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळाली, तेव्हापासून भारतातल्या गाड्यांच्या मागच्या बाजू अशा छाटलेल्या दिसतात. 22 सप्टेंबर 2025 पासून या गटाला 18 टक्के जीएसटी लागतो आणि मोठ्या गाड्यांना 40 टक्के. कायलॅकचे पेट्रोल इंजिन एक लिटरचे, म्हणजे तीही अट पुरी. कुशाकच्याच पायावर उभी राहिलेली ही गाडी दिल्लीतल्या करकोष्टकाने आखूड केली आहे.

कराचाच दुसरा वाद न्यायालयात गेला. सप्टेंबर 2024 मध्ये सीमाशुल्क विभागाने कंपनीकडे सुमारे 1.4 अब्ज डॉलरची मागणी केली. विभागाचे म्हणणे असे, की जवळजवळ अख्खी गाडी सुटी करून आणली, तर तिला 30 ते 35 टक्के शुल्क लागते. कंपनीने मात्र वेगवेगळ्या खेपांत सुटे भाग दाखवून 5 ते 15 टक्केच भरले. कंपनीने हे नाकारले आणि मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. निर्णय काहीही येवो, वर्षानुवर्षे चाललेल्या पद्धतीवर इतक्या उशिरा इतकी मोठी मागणी येणे हे गुंतवणूक करणाऱ्या कोणालाही धास्ती घालणारे आहे. कर बुडवला असेल तर वसूल व्हावा, पण तो वेळच्या वेळी.

मी चाकणमध्ये प्रेस पार्ट (पत्रा दाबून घडवलेले भाग) बनवतो. मेक्सिको, चीन आणि ब्रुसेल्सच्या बातम्यांशी मला काय देणेघेणे?

चाकणमधून टायगुन आणि व्हर्टस परदेशी जातात, आणि मेक्सिको हे त्यांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक आहे. डिसेंबर 2025 मध्ये मेक्सिकोच्या संसदेने ज्या देशांशी मुक्त व्यापार करार नाही त्यांच्या मालावर शुल्क वाढवले. गाड्यांवरचे 20 टक्क्यांवरून 50 टक्क्यांपर्यंत, जानेवारी 2026 पासून. मुख्य रोख चिनी गाड्यांवर होता. भारताशीही करार नसल्याने चाकणची गाडी त्याच दरात आली. चीनमध्ये जादा झालेल्या उत्पादनाची धास्ती, अमेरिकेचा मेक्सिकोवरचा दबाव आणि मेक्सिकोचा कायदा, एवढा प्रवास करून ती गोष्ट तुमच्या प्रेसपर्यंत येते.

म्हणून तीन-चार गोष्टी नियमाने बघत जा. तुमचा भाग कुठल्या मॉडेलला लागतो आणि त्या मॉडेलची किती टक्के निर्यात होते, हे टियर-वनच्या (गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या पुरवठादाराच्या) खरेदी विभागाला थेट विचारा; बहुतेक जण विचारतच नाहीत. डायचा (साच्याचा) खर्च भागाच्या दरात मुरवून घेतला असेल आणि शेड्यूल घसरले, तर उरलेली रक्कम कोण देणार, हे पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर नवे प्रेस मशीन कर्ज काढून घेऊ नका. तुमचा भाग इंजिनाशी जोडलेला असेल तर 2035 पासून कार्बन सोडणाऱ्या नव्या गाड्यांची विक्री थांबवण्याच्या युरोपच्या नियमावर लक्ष ठेवा. तो सैल करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर 2025 मध्ये मांडला आहे, त्यामुळे पेट्रोल इंजिनाला थोडा जादा अवधी मिळू शकतो. बॉडी, सीट किंवा सस्पेन्शनचे काम असेल, तर गाडी विजेवर चालली काय नि पेट्रोलवर काय, तुमची प्रेस चालू राहील. मग तुमचा खरा प्रश्न एवढाच, की ती गाडी चाकणमध्ये बनणार की आणखी कुठे.